ढगांसाठी फोडलेली खिंड

एका मुलखात एक डोंगर होता. मुलखाच्या बरोबर मधे, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, रवंथ करत बसलेल्या म्हशीसारखा आडवा. त्याच्या पश्चिमेला समुद्र आणि समुद्राला चिकटून चिंचोळी किनारपट्टी. पूर्वेला काळ्या मातीचं पठार, आणि ते इतकं सपाट की तिथं कुणाचा फेटा वाऱ्यानं उडाला तर तो तीन दिवस लांब पळताना दिसायचा.

किनाऱ्यावर भात, नारळ, मासळी आणि मीठ. डोंगरावर मध, हिरडा आणि म्हशी होत्या, पण तिथलं मुख्य पीक म्हणजे पाऊस. चार महिने असा कोसळायचा की तिथल्या कोंबड्यांच्या बोटांना बदकासारखे पडदे फुटले होते. मिठाचं डब्यातच पाणी व्हायचं, म्हणून बायका आमटीत मीठ चिमटीनं घालत नसत, तांब्यानं ओतत. पठारावर नेमकं उलटं. तिथं पाऊस इतका कमी की पडलेल्या थेंबाचं बारसं व्हायचं. एका सालचा थोरला थेंब नेमका कुणाच्या अंगणात पडला, यावरून दोन भाऊबंदांचं बोलणं अजून बंद होतं.

पण पठारावरच्या लोकांची कीव करू नका. ते मजेत होते, कारण त्यांच्याकडे नदी होती. डोंगराच्या माथ्याशी उगम पावायची, पूर्वेला उतरायची आणि बारा महिने पठारभर वाहायची. तिच्या दोन्ही काठांनी ज्वारी अशी वाढायची की आत शिरलेल्या माणसाला हाका मारून बाहेर काढावं लागे.

सुगी झाली की पठारावरचे लोक बैलांवर पोती लादून डोंगरातल्या खिंडीत जायचे. तिथं बाजार भरायचा. किनाऱ्याचं मीठ, डोंगराचं तूप, पठाराची ज्वारी, अशी अदलाबदल व्हायची. त्याशिवाय एक जुना रिवाज होता. पठारावरच्या प्रत्येक गावानं दोन पोती ज्वारी डोंगरावरच्या लोकांना तशीच द्यायची, बदल्यात काहीही न मागता. आणि दर उन्हाळ्यात एक पाथरवट वर पाठवायचा, झऱ्यांची तोंडं नीट बांधून द्यायला. हे कशासाठी, ते सांगणारे म्हातारे कधीच मरून गेले होते. पोती तेवढी जात राहिली.

त्या लोकांची आणखी एक रीत होती, पाऊस मोजायची. चावडीसमोर तांब्याचं एक घंगाळ उघड्यावर ठेवायचं. पावसाळा संपला की सगळ्या गावादेखत पाटलानं त्यात हात आडवा बुडवून सांगायचं, "चार बोटं!" एखाद्या साली तीन. नदीत किती पाणी आहे ते मात्र कुणी मोजत नसे. पाऊस तो पाऊस आणि नदी ती नदी. पाऊस वरून पडतो, नदी बाजूनं येते. दोघांची ओळख असायचं कारणच काय? नदी तर भर उन्हाळ्यातसुद्धा यायची!

आता या पठारावर एक पाथरवट होता. हात असा की दगडावर नुसती टिचकी मारून तो कुठं फुटेल ते सांगायचा. जातं, पाटा, उंबरा, देवळाची पायरी, सगळ्या गावाला त्याच्याच हातची. स्वतः मात्र राहायचा गावापासून दीड कोस लांब, मुरमाड माळावर, कारण नदीकाठच्या जागा ज्यांच्या होत्या त्यांच्याच होत्या. त्याची बायको रोज दोन हंडे घेऊन नदीवर जायची आणि दोन हंडे घेऊन यायची. चुंबळीखालचे केस झिजून तिच्या डोक्यावर गोल चकती पडली होती.

ती म्हणायची, "देवाची पायरी घडवता, पाटलाचा उंबरा घडवता. मला एक नदीकाठ घडवून द्या की."

तो हसायचा. पण ती चकती त्याला रोज दिसायची.

एका उन्हाळ्यात तो झरे बांधायला डोंगरावर गेला आणि तापानं आडवा झाला. बरा होईतो पावसाळा लागला, वाटा बंद झाल्या. पठारावरचा माणूस पावसाळ्यात डोंगरावर राहिला, असं आजवर कधी झालं नव्हतं. एका गवळणीनं त्याला म्हशींच्या गोठ्याशेजारी जागा दिली. बाई मोठी फटकळ. वय झालेलं, पण म्हशीला हाक मारली की समोरच्या कड्यावरून चार म्हशी एकदम ओ द्यायच्या.

तिच्या पडवीत बसून पाथरवटानं चार महिने एकच गोष्ट पाहिली. समुद्राकडून ढग यायचे, भरलेले, जड, डोंगराच्या पायथ्याशी अडायचे आणि मग अंगाला अंग घासत चढायला लागायचे. निम्म्यात आले की गळायला लागायचे, माथ्यावर तर फुटायचेच.

"इथंच का गं पडतो एवढा?" त्यानं विचारलं.

"तू डोंगर चढून आलास तेव्हा काय केलंस, दादा? आल्या आल्या पाठीवरचं गाठोडं खाली टाकलंस ना? ढगाचं तेच. वर चढला की गार पडतो. गार पडला की ओझं टाकतो. सपाटीवर कशाला टाकेल? तिथं त्याला चढायचंय कुठं?"

"आणि मग हे पाणी जातं कुठं?"

गवळणीनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं दूध न देणाऱ्या म्हशीकडं बघतात. "तुझ्या घरी जातं! ही जमीन पिते, झरे हळूहळू सोडतात, त्याची तुमची नदी होते. तुमच्याकडं पाऊस पडत नाही असं कोण म्हणतं? तुमचा पाऊस आमच्या छपरावर पडतो, एवढंच. गळकं छप्पर आमचं आणि वांगी तुमची."

पाथरवटाला ते पटलं. गंमत म्हणून त्यानं एक घंगाळ अंगणात ठेवून पाहिलं. ते पावसाळ्यात एकतीस वेळा भरून सांडलं.

परतल्यावर त्यानं ते चावडीवर सांगितलं. "एकतीस वेळा!" म्हटल्याबरोबर लोक खो खो हसले. कुणी म्हणालं, "ह्याचा ताप उतरलेला नाही." कुणी म्हणालं, "डोंगरावरचं घंगाळ वाटीएवढं असतं वाटतं." पुढची गोष्ट, ते पाणी जातं कुठं ती, सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण तोवर जेवणाची वेळ झाली आणि सगळे टाळ्या देत उठले. अर्धी गोष्ट गावाच्या पोटात गेली, अर्धी त्याच्या पोटात राहिली.

पोटात गेलेली अर्धी गोष्ट फुगायला लागली.

त्या साली चावडीसमोरच्या घंगाळात तीनच बोटं भरली. पाटलानं हात झटकला आणि म्हणाला, "इथं तीन बोटं. तिथं एकतीस घंगाळं. आणि वर ज्वारीची पोती आपणच द्यायची!"

"मग? अडवतोय कोण आपला पाऊस?" एकानं विचारलं.

"अडवतोय कोण काय? डोंगर! बघतोस ना, ढग पलीकडून येतात, डोंगराला धडकतात, आणि सगळा माल तिथंच लुटला जातो. मधे भिंत घातल्यावर ढगानं यावं कसं, उडून?"

"ढग उडतातच की, पाटील."

"तू गप्प बस. विषय गंभीर आहे."

विषय खरंच गंभीर झाला. आठवडाभरात पठारावरच्या सगळ्या गावांचं एकमत झालं, आणि पठारावर एकमत व्हायची ही पहिलीच वेळ होती, म्हणून सगळ्यांना ते खरंही वाटलं. ठरलं असं, की खिंड आहेच, तीच फोडून रुंद करायची, पार तळापर्यंत. ढगांना सरळ वाट मिळाली की ते चढणार नाहीत, तडक पठारावर येतील. पाथरवटाला बोलावणं गेलं.

"फुटेल का?" पाटलानं विचारलं.

पाथरवट खिंडीतला दगड न् दगड ओळखत होता. खिंडीच्या पोटात एक काळी धोंड होती, सगळा कडा तिच्यावर रेललेला. ती फुटली तर डोंगर आपोआप दोन्हीकडं सरकणार होता.

"फुटेल," तो म्हणाला.

"हे काम केलंस तर नदीकाठची माझ्या मळ्याशेजारची जागा तुझी. घर बांध, वाफे कर. तुझ्या बायकोनं दारात बसून पाय नदीत सोडावेत. सगळ्या गावासमक्ष सांगतोय."

पाथरवटाच्या डोळ्यांपुढं ती चकती आली. आणि चकतीच्या मागून गवळणीचं बोलणं आलं, गळकं छप्पर आमचं आणि वांगी तुमची. उरलेली अर्धी गोष्ट ओठांपर्यंत येऊन उभी राहिली. चावडी गच्च भरलेली, सगळे ऐकायला बसलेले, जेवणाला अजून अवकाश. यावेळी कुणीही मधे उठणार नव्हतं.

"बोल," पाटील म्हणाला, "काही अडचण?"

"नाही," पाथरवट म्हणाला.

घरी आल्यावर बायकोला जागेचं सांगितलं. तिनं हातातला हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "दारात वांगी लावीन. आणि एक पेरू." मग थोड्या वेळानं, "पण काय हो, ढग इकडं आले तर डोंगरावर काय उरेल?"

"त्यांचं ते बघतील."

"आणि नदी?"

"नदीला काय होतंय?" तो म्हणाला आणि छिन्नीला धार लावायला बसला.

दगड फोडायची त्याची रीत जुनी होती. आधी टिचकी मारून शीर शोधायची. शिरेवर ओळीनं भोकं पाडायची, त्यात सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, आणि मग त्या पाचरींना पाणी पाजत बसायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि घणानं फुटत नाही तो दगड बिनआवाजाचा उकलतो. सगळं काम पाण्याचं. पाथरवटानं फक्त धीर धरायचा.

उन्हाळ्यात तो वर गेला. काळ्या धोंडीत एकशे आठ भोकं पाडली, एकशे आठ पाचरी ठोकल्या. आता पाणी हवं. जवळचा झरा म्हणजे त्यानंच बांधलेला, गवळणीच्या दारातला.

"आलास होय दादा!" गवळण म्हणाली. "यंदा पोती आली नाहीत तुमच्याकडची. म्हटलं उशीर झाला असेल. तू आलास म्हणजे झऱ्याचं काम होईल. पाणी हवंय? कशाला?"

त्यानं हातातली घागर पुढं केली. 

"तहान लागलीय," तो म्हणाला.

तिनं घागर भरून दिली. घटकेनं तो पुन्हा आला. तिनं पुन्हा भरून दिली. सातव्या खेपेला ती म्हणाली, "अरे, माझी रेडी एवढं पीत नाही! ताप तर नाही ना आला परत? बस इथं सावलीत, ताक देते." पण पाणी द्यायचं तिनं थांबवलं नाही. पाण्याला नाही म्हणायची डोंगरावर पद्धत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी धोंड उकलली. आधी नुसती केसाएवढी रेघ. मग कड्यानं खांदा उडवल्यासारखं केलं आणि सगळी खिंड दोन्ही बाजूंना बसली. असा आवाज झाला म्हणतात की किनाऱ्यावर झाडांवरच्या शहाळ्यांचं खोबरं झालं आणि पठारावरच्या बहिऱ्यांनी "कोण आहे?" म्हणून दार उघडलं. धुरळा खाली बसल्यावर दिसलं, डोंगराला आरपार दार पडलंय. त्या दारात गवळणीचा झरा होता आणि त्याच्यासारखे आणखी बावीस. ते सगळे दगडांखाली गेले.

गवळणीचा गोठा तेवढा कडेला वाचला होता. ती बाहेर आली. म्हशी मोजल्या. मग पाथरवटाकडं पाहिलं, त्याच्या हातातल्या घागरीकडं पाहिलं.

"एवढी तहान होती होय तुला," ती म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं म्हशी हाकल्या आणि डोंगराच्या उत्तरेकडच्या उंच माथ्याकडं निघून गेली.

पाथरवटाला जागा मिळाली. पाटील शब्दाचा पक्का होता, याबद्दल वाद नाही. नदीकाठी घर उभं राहिलं. बायकोनं पहिल्याच दिवशी दारात बसून पाय पाण्यात सोडले आणि हसत हसत रडली. वांग्याची रोपं लावली, पेरू लावला.

मग पावसाळा आला, आणि पठारानं जन्मात न पाहिलेली गोष्ट पाहिली. त्या दारातून ढग आले! काळे, फुगलेले, रांगेनं, गाभण गाईंसारखे. लोक ढोल घेऊन बाहेर पडले. प्रत्येकानं अंगणात घंगाळं, पराती, काहींनी पाळणेसुद्धा मांडले. ढग गावावर आले. लोकांनी माना वर केल्या. ढग गेले. चढायला काही नव्हतं, गार पडायला काही नव्हतं, खालून उलट तापल्या जमिनीची धग लागत होती. ते आले तसे सरळ पुढं गेले, पठार ओलांडून, कुठल्या तरी परमुलखात.

"पहिलंच वर्ष आहे," पाटील म्हणाला. "ढगांना अजून आपलं गाव माहीत नाही."

दुसऱ्या वर्षी गावानं वेशीवर ढगांसाठी कमान उभारली. ढगांनी ती वरून पाहिली असेल. तोवर नदी आटत आटत पायाच्या घोट्यापर्यंत आली होती. खारा वारा दारातून थेट आत येऊन ज्वारीची पानं करपवत होता, आणि पठाराचा उन्हाळा त्याच दारातून खाली उतरून किनाऱ्यावरच्या भाताची खाचरं तडकवत होता. मीठवाले आता बाजाराला येत नव्हते. बाजार भरायला खिंडच कुठं होती?

तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आतच नदी आटली. आधी वाहायची थांबली, मग डबकी उरली, मग डबक्यांतले मासे, मग नुसती वाळू. पाथरवटाची वांगी देठावरच काळी पडली.

चावडीवर पुन्हा सगळी गावं जमली. पाटील उभा राहिला. तीन वर्षांत वाळला होता, आवाज मात्र तसाच.

"चूक आपलीच," तो म्हणाला. सगळे दचकले. "आपण खिंड कमी फोडली. ढग अजून उंचावरून जातात. आणखी खोल फोडायला हवी. नदीसुद्धा त्या डोंगरानंच अडवलीय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पाथरवटा, सामान काढ."

तेव्हा पाथरवट उभा राहिला आणि पोटात राहिलेली अर्धी गोष्ट त्यानं सांगितली. ढग चढतो कसा, गार पडतो कसा, झरे पाणी धरतात कसे आणि नदी होते कशी, सगळी, एक शब्द न गाळता. बायको मागं बायकांत उभी राहून ऐकत होती.

कुणीतरी विचारलं, "हे तुला कधीपासून ठाऊक?"

"तापात तिथं राहिलो तेव्हापासून."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"मला ती जागा हवी होती," पाथरवट म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत खरं वाक्य होतं ते.

पाटील हळूच हसला. "ऐकलंत? तेव्हा जागेसाठी गप्प बसला. आता बोलतोय, म्हणजे आता दुसरी कुठली तरी जागा डोळ्यांत भरली असणार!"

सगळी चावडी हसली. तहानेनं घसे सुकले होते, तरी हसली. मग लोक घरोघर गेले, पहारी आणि कुदळी घेऊन आले आणि डोंगराची वाट चालू लागले. त्यांना शिरा कळत नव्हत्या, पाचरी ठोकता येत नव्हत्या आणि पाचरींना पाजायला पाणीही नव्हतं. तरी गेले. दूरवरून त्यांच्या घावांचे आवाज येत राहिले.

पाथरवट घरी आला. बायको नदीच्या पात्रात गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसत होती. हात-दीड हात खोल गेल्यावर तळाशी ओल दिसायला लागली होती. ओंजळभर पाणी गोळा होईल, फार तर.

तो शेजारी बसला, बाह्या सारल्या आणि खड्ड्यात हात घातला.

तिनं त्याचं मनगट धरून हात बाहेर काढला.

"तुम्ही नका," ती म्हणाली. "एवढंच उरलंय."

तात्पर्य: नदी म्हणजे दुसऱ्याच्या माथ्यावर पडलेला आपला पाऊस. हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं ते डोंगर शाबूत असताना सांगावं. डोंगर फुटल्यावर सांगितलेलं खरं, खरं असूनही कुणाची तहान भागवत नाही.